चौरस आहारात साखर व पिष्टमय पदार्थ यांचे स्थान

चौरस आहाराविषयी गावोगावी जी व्याख्याने होतात, त्यांत प्रथिने, जीवनसत्त्वे व क्षार यांवर भर दिलेला असतो. ते योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या ताटाचा निम्म्याहून अधिक भाग ज्या पदार्थांनी व्यापलेला असतो, त्या पिष्टमय पदार्थांची मात्र दोन-चार वाक्यांत बोळवण केली जाते. परिणामी या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. भाकरी आणि भात सोडला की सर्व रोग दूर राहतात, असे एक सांगतो. गूळ आपल्या घरचा आहे, तो कितीही खाल्ला तरी बाधत नाही, असे दुसरा सांगतो. ही दोन्ही मते चुकीची आहेत. ती का चुकीची, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना नीट सांगता यावे, यासाठी हा लेख लिहिला आहे.

कर्बोदके म्हणजे काय

साखर, गूळ, मध, ज्वारीचे पीठ, भात, बटाटा, साबुदाणा, इतकेच काय पण कडब्याचे ताटसुद्धा, हे सर्व एकाच कुळातील पदार्थ होत. या कुळाला कर्बोदके म्हणतात. वनस्पतीची हिरवी पाने हवेतील कर्बवायू व मुळांनी शोषलेले पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने प्रथम साधी शर्करा तयार करतात. द्राक्षशर्करा व फलशर्करा या सर्वांत साध्या शर्करा होत. या दोहोंचा एकेक कण जोडला गेला की उसातील साखर होते. द्राक्षशर्करेचे शेकडो-हजारो कण एका माळेत ओवले गेले की पिष्ट तयार होते. आणि तेच कण निराळ्या तऱ्हेने जोडले गेले की कडब्यातील व भुशातील चिवट काष्ठतंतू बनतात. माणसाच्या पोटात ही शेवटची जोडणी सुटत नाही. बैलाच्या पोटातील सूक्ष्मजंतू ती सोडवितात, म्हणून बैल कडब्यावर जगतो व आपण जगत नाही.

ही माहिती पुस्तकी वाटेल. पण शेतकऱ्याने ती डोळ्यांनी पाहिलेली असते. रब्बी ज्वारीचा हुरडा गोड लागतो आणि महिन्याभराने तेच कणीस मळल्यावर दाणा गोड लागत नाही. दाणा भरत असताना त्यात उतरलेली शर्करा पुढे पिष्टाच्या रूपाने साठविली जाते, हे त्याचे कारण. केळीच्या घडात याच्या उलट घडते. कच्चे केळे पिठूळ असते व पिकताना त्यातील पिष्टाची शर्करा होते. ऊस तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडला तर साखरेचा उतारा घटतो आणि त्याचा गूळ घट्ट बसत नाही, हेही गुऱ्हाळवाल्यांना सांगावे लागत नाही. त्या उसातील साखरेचे कण फुटून पुन्हा द्राक्षशर्करा व फलशर्करा मोकळ्या झालेल्या असतात. भाकरीचा कोरडा घास बराच वेळ चावीत राहिल्यास तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतील पाचक द्रव्य पिष्टाची माळ तोडू लागते. सभेत हा प्रयोग करून दाखवावा. त्यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही.

शरीरात त्यांचे कार्य

पचनानंतर सर्व पिष्टाची शेवटी द्राक्षशर्करा होऊन ती रक्तात उतरते. कर्बोदकांच्या एका ग्रॅमपासून शरीरास 4 उष्मांक मिळतात. प्रथिनांपासूनही तितकेच मिळतात व स्निग्ध पदार्थांपासून 9 मिळतात. निरोगी माणसाच्या सबंध रक्तात एका वेळी द्राक्षशर्करा असते ती अवघी 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाच्या एका चमच्याइतकी. जेवणानंतर येणारी जादा शर्करा यकृतात व स्नायूंत साठवून ठेवली जाते. ही कोठारे भरली की उरलेल्या भागाची चरबी बनते. मेंदूचे इंधन मुख्यतः द्राक्षशर्करा हेच असल्याने प्रौढ माणसाने दिवसाकाठी निदान 130 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, अशी शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली केलेली आहे. भाकरी-भात अजिबात सोडावयास सांगणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे व तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. आहारात इंधन अपुरे पडले, तर शरीर प्रथिनेच जाळू लागते. म्हणजे घर बांधण्यासाठी आणलेले सागवान चुलीत घालावे, तसा हा प्रकार होतो. वाढत्या मुलाला अंडे किंवा डाळ मिळाली, परंतु पोटभर भाकरी मिळाली नाही, तर त्या अंड्याचा मोठा भाग वाढीच्या कामी न येता उष्णतेच्या कामी खर्च होतो. यास्तव पिष्टमय पदार्थ हे प्रथिनांचे रक्षक आहेत असे म्हणण्यास हरकत नाही.

धान्य व त्याचे टरफल

शुद्ध पिष्ट शरीरात जाळण्यासाठी ब-1 हे जीवनसत्त्व लागते आणि निसर्गाने ते धान्याच्या कोंड्यात व अंकुरात ठेवलेले आहे. जावा बेटात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आइकमन या डच वैद्याला असे आढळले की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात व त्यांना कोंडा दिल्यास बऱ्या होतात. माणसांतील बेरीबेरी हा रोग याच जातीचा. या कार्याबद्दल त्याला 1929 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्या देशातील पोषणसंशोधनाचा आरंभही याच रोगापासून झाला. 1918 साली मॅककॅरिसन यांनी कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीसाठी जी छोटी प्रयोगशाळा काढली, तीच पुढे वाढत जाऊन 1958 साली हैदराबादला गेली व आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

कोकणातील उकड्या तांदळाचे मोल यावरून कळेल. भात टरफलासह उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही भाग पाण्याबरोबर दाण्याच्या आत मुरतो आणि नंतर भात सडला तरी तो वाचतो. कोकणातील तरुण मंडळी हल्ली उकड्याला वास येतो म्हणून पांढरा तांदूळ मागतात. त्यांनी तो जरूर खावा, पण आजीच्या पेजेची थट्टा करू नये.

दख्खनच्या पठारावर ज्वारी, बाजरी व डोंगराळ भागात नाचणी ही आपली मुख्य धान्ये. ज्वारीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके, 10 ग्रॅम प्रथिने व 10 ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या तांदळात कर्बोदके 78 ग्रॅम, तर प्रथिने 8 व तंतू 3 ग्रॅमच्या आतच. नाचणीत प्रथिने 7 ग्रॅमच आहेत, पण चुना 360 मिलिग्रॅमच्या वर आहे व दुसरे कोणतेही तृणधान्य या बाबतीत तिच्या जवळपास येत नाही. बाजरीत लोह 6 मिलिग्रॅमहून अधिक आहे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा या धान्यांचा पुष्कळ गौरव झाला. तो रास्त होता. तथापि केवळ ज्वारीवर भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. निव्वळ ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनमधील गरीब मजुरांत पेलाग्रा हा त्वचेचा व मज्जासंस्थेचा विकार हैदराबादच्या संशोधकांना 1960 च्या सुमारास आढळून आला होता. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींत जो कमी असतो तो ज्वारीत असतो. पिठले-भाकरी हे ज्याने प्रथम एकत्र वाढले त्याला रसायनशास्त्र येत नव्हते, पण त्याचे काही चुकले नाही.

किती खावे

मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या 65 किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला सुमारे 2,700 उष्मांक लागतात. यातील निम्मे ते पंचावन्न टक्के कर्बोदकांतून मिळावेत असे धरल्यास सुमारे 340 ते 370 ग्रॅम कर्बोदके होतात. हा हिशेब ताटात मांडून पाहू. तीन भाकऱ्यांसाठी 300 ग्रॅम ज्वारीचे पीठ घेतले तर त्यातून 200 ग्रॅमच्या थोडी वर कर्बोदके मिळतात. 75 ग्रॅम तांदळाच्या भातातून 59, 80 ग्रॅम तूरडाळीतून 44 आणि भाज्या, एखादे फळ व दूध मिळून 40 धरू. ही बेरीज 345 च्या आसपास जाते. म्हणजे साखर-गुळासाठी जागा उरली ती 25 ग्रॅमची. एवढ्या आहारात प्रथिनेही 60 ग्रॅमच्या वर येतात.

जड काम करणाऱ्यास हे पुरणार नाही. ऊसतोडीच्या फडात दिवसभर वाकून मोळ्या बांधणाऱ्या बाईस व बुवास यापेक्षा बरेच अधिक लागते आणि त्यांना आपण भाकरी कमी करा असा उपदेश करणे हा अन्यायच होईल. उलटपक्षी, ज्याच्या आजोबांनी मोट हाकली व नांगरामागे कोसन् कोस चालून काढले, त्या नातवाने मोटारसायकलवरून जाऊन विहिरीवरच्या पंपाचे बटण दाबायचे आणि आजोबांइतक्याच भाकऱ्या खायच्या, हेही चालणार नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा शहरी श्रीमंतांचा रोग अशी आपली समजूत होती. त्या पाहणीत खेड्यांतील प्रमाणही शेकडा 9 च्या घरात निघाले आहे. मधुमेह एकट्या साखरेने होतो असे नव्हे. अनुवंशिकता, वाढलेले पोट व कमी झालेले कष्ट ही सर्व कारणे एकत्र येतात. पण गरजेहून अधिक इंधन रोज पोटात जात राहिल्याने त्यांत भर पडते, यात शंका नाही.

साखर आणि गूळ

1950-51 च्या हंगामात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून शेतकऱ्यांचा पहिला सहकारी साखर कारखाना चालू झाला, तेव्हापासून साखरेने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला शाळा, रस्ते व दवाखाने दिले. मी स्वतः ऊस बागायतीच्या तालुक्यात काम केलेले आहे आणि साखरेचे हे उपकार मी नाकारीत नाही. परंतु साखर विकून मिळालेले लाभ निराळे व ती खाऊन होणारे लाभ निराळे.

साखर हे जवळजवळ शंभर टक्के कर्बोदक आहे. तिच्यात उष्णतेखेरीज दुसरे काही नाही. दात किडण्यास ती कारण होते. विशेषतः ती दिवसभर थोडी थोडी चघळली गेली तर अधिक. गुळात कर्बोदके 100 ग्रॅममागे सुमारे 85 ग्रॅम असतात आणि थोडा चुना व साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोहही असते. म्हणून गुळाने रक्त वाढते असे आपण म्हणतो. आता हिशेब करू. प्रौढ स्त्रीस दिवसाला 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. तिचा चौथा हिस्सा जरी गुळातून भरून काढायचा म्हटले तरी 150 ग्रॅम गूळ खावा लागेल व त्याबरोबर 500 हून अधिक उष्मांक पोटात जातील. त्यापेक्षा 100 ग्रॅम बाजरीची भाकरी जवळपास तितकेच लोह देते, आणि वर प्रथिने देते. साखरेपेक्षा गूळ बरा, इतकेच म्हणता येईल. शेंगदाण्याबरोबर त्याचा एक खडा खाणे उत्तम, कारण तेथे शेंगदाणा काम करतो व गूळ चव देतो. मधुमेही माणसाने मात्र गूळ ही साखरच समजावी.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जे आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात वरून घातलेल्या साखरेचा वाटा एकूण उष्मांकांच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. 2,000 उष्मांकांच्या आहारात हे 25 ग्रॅम होतात.

चहाचा प्रश्न

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर सकाळी सातच्या सुमारास पीकपाहणीसाठी गेलो होतो. घरात दोन म्हशी होत्या. दुधाची किटली नुकतीच संकलन केंद्रावर गेली होती. ओट्यावर चार व सहा वर्षांची दोन मुले कपात खारी बुडवून चहा पीत बसली होती. मी घरच्या आजीबाईंना विचारले, "आजी, मुलांना दूध नाही का दिलं?" त्या म्हणाल्या, "साहेब, दुधाचा हप्ता म्हशीच्या कर्जात जातो. पोरास्नी च्या चालतो." त्यात त्यांचा दोष नव्हता. म्हशीसाठी कर्ज घ्या व दूध केंद्रावर घाला, हे आमच्याच खात्याच्या मंडळींनी त्यांना शिकविले होते. दोन्ही मुलांसाठी अर्धा लिटर दूध घरात ठेवा, हे सांगण्यास आम्ही विसरलो होतो.

त्या दिवशी परत येताना मी हिशेब मांडला. कपाला साखरेचे दोन शिगोशीग चमचे, म्हणजे 10 ग्रॅम. मोठी माणसे दिवसात सहा कप सहज घेतात. ती साखर 60 ग्रॅम व 240 उष्मांकांची झाली. तितकेच उष्मांक सुमारे 70 ग्रॅम ज्वारीत असतात, पण ज्वारी त्यासोबत 7 ग्रॅम प्रथिने व तितकेच तंतू देते, चहा काही देत नाही. मोठ्या माणसाचे एक वेळ भागते. मुलाचे पोट लहान, चहा-खारीने त्याची भूक मरते, मग दुपारी ते भाकरीचा चतकोरही संपवीत नाही, आणि आई म्हणते की पोराला भूकच नाही. शिवाय जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह शोषू देत नाही. चहा बंद करा असे मी म्हणणार नाही. ते कोणी ऐकणार नाही व मी स्वतःही पाळणार नाही. पण पाच वर्षांखालील मुलास चहा देऊ नये, आणि मोठ्यांनी कपामागे एक सपाट चमचा पुरे करावा.

लहान मुलांची आणखी एक अडचण पिष्टाच्या स्वभावातूनच उद्भवते. पीठ शिजवले की ते पाणी धरून फुगते. खीर दाट झाली तर बाळ गिळत नाही व पातळ केली तर तिच्यात अन्नापेक्षा पाणीच अधिक जाते. यावर आपल्या घरांत जुना उपाय आहे. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी, मोड आल्यावर सावलीत वाळवून मंद भाजावी व दळावी. मोड येताना दाण्यात पिष्ट तोडणारे द्रव्य तयार होते. त्यामुळे तितक्याच पाण्यात अधिक पीठ घातले तरी खीर पातळ राहते आणि किंचित गोडही लागते, वरून साखर फारशी लागत नाही. मोड आल्याने धान्यातील लोहही अधिक अंगी लागते. भाजताना मात्र फार तापवू नये, नाहीतर ते द्रव्य निकामी होते. अंगणवाडी सेविकांनी साध्या नाचणीची व मोडाच्या नाचणीची खीर शेजारी शेजारी शिजवून मातांना दाखवावी. आणि ऊसवाल्या शेतकऱ्यांनी, ज्यांच्या शिवारातून तूर, मूग व नाचणी केव्हाच हद्दपार झाली, त्यांनी घरापुरती चार-पाच गुंठे तूर किंवा लागणीच्या उसात आंतरपीक म्हणून एखादे कडधान्य धरावे. उसाचे पैसे वर्षा-दीड वर्षाने येतात आणि तोवर डाळ दुकानातून मोजून आणली जाते, ही नेहमीची तक्रार आहे.

साखर औषध म्हणून

साखरेविषयी इतके कठोर लिहिल्यावर तिचा एक मोठा गुण सांगणे प्राप्त आहे. हगवणीत शरीरातील पाणी व मीठ निघून जाते आणि नुसते पाणी पाजल्यास ते टिकत नाही. परंतु पाण्यात योग्य प्रमाणात साखर व मीठ असल्यास आतड्याच्या अस्तरातून शर्करा आत जाताना मिठाला हात धरून आत नेते व त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा 30 च्या आसपास होते ते 4 च्या आत आले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आरोग्यकेंद्रात व आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनीची पुडी मिळते व शक्यतो तीच वापरावी. ती हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचे सपाटच असले पाहिजेत. साखर जास्त झाली तर ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते व जुलाब वाढतात. बाटलीबंद गोड पेये या कामी वापरू नयेत ती याच कारणासाठी. मीठ जास्त झाल्यास तेही धोक्याचे असते, म्हणून पाजण्यापूर्वी स्वतः चव पाहावी आणि ते पाणी डोळ्यांतील आसवांपेक्षा खारट लागल्यास ओतून देऊन नवे करावे. मूल दोन वर्षांखालील असल्यास वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी बंद झाली तर पाजत पाजतच दवाखान्यात न्यावे. केलेले पाणी झाकून ठेवावे व चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.